ईसीजी म्हणजे काय? हार्ट अटॅक ओळखण्यात ईसीजी, मोबाईल आणि एआयचा उपयोग किती?

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर वडिलांच्या छातीत दाबल्यासारखं होतंय, अंगाला दरदरून घाम सुटलाय. आई ओवा आणि काळं मीठ देते. शेजारचे काका म्हणतात, "पित्त खवळलं असेल, सकाळी बघू." तुमच्या मनगटावर स्मार्टवॉच आहे. तुम्ही ते काढून वडिलांच्या हाताला बांधता. स्क्रीनवर दिसतं: हार्ट रेट ८८. म्हणजे नॉर्मल. आता झोपायचं की गाडी काढायची?

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर त्या वॉचमध्ये नाही. ते एका साध्या तपासणीत आहे. तिचं नाव ईसीजी. आजच्या लेखात आपण बघणार आहोत की ईसीजी कसा काम करतो, त्यावरून हार्ट अटॅक कसा ओळखतात, तो कधी चुकतो, एआयमुळे त्यात काय सुधारणा होतेय आणि बीडसारख्या जिल्ह्यात तुमच्या मोबाईलचा खरा उपयोग कुठे आहे.

## ईसीजी म्हणजे काय?

ईसीजी म्हणजे इलेक्ट्रोकार्डिओग्राम. सोप्या भाषेत सांगायचं तर हृदयातल्या विजेचा कागदावर काढलेला आलेख.

हृदयाचा प्रत्येक ठोका एका छोट्या विद्युत संदेशाने सुरू होतो. हा संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जातो आणि स्नायू आकुंचन पावतो. ही वीज अगदी थोडी असते, पण तिचा अंश त्वचेपर्यंत पोहोचतो आणि मशीन तो पकडतं. ईसीजी मशीन शरीरात करंट सोडत नाही, शरीरातला करंट फक्त मोजतं. त्यामुळे या तपासणीत दुखत नाही आणि शॉकही लागत नाही.

नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ विलेम आइंथोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वीज अचूक मोजणारं यंत्र बनवलं. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावंही त्यांनीच दिली. ती आजही तशीच वापरतात.

- पी लाट: वरचे कप्पे आकुंचन पावायची तयारी
- क्यूआरएस: मधला उंच, टोकदार भाग. खालच्या मोठ्या कप्प्यांत वीज पसरते तो क्षण
- टी लाट: स्नायू पुन्हा पूर्वस्थितीत येतो तेव्हाची लाट
- एसटी भाग: क्यूआरएस आणि टी लाट यांच्या मधला तुकडा. हार्ट अटॅक ओळखताना डॉक्टरांची नजर सगळ्यात आधी इथे जाते

## वायरी १०, मग लीड १२ कसे?

दवाखान्यात ईसीजी काढताना हातापायांना ४ आणि छातीवर ६ अशा १० वायरी लावतात. तरी रिपोर्टला '१२ लीड ईसीजी' म्हणतात. हा काय प्रकार आहे?

लीड म्हणजे वायर नाही. लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक दिशा. या १० ठिकाणांच्या वेगवेगळ्या जोड्या लावून मशीन १२ दिशांनी आलेख काढतं. समजा, गावातल्या एका वाड्याचे १२ बाजूंनी १२ फोटो काढले. मागची भिंत पडली असेल तर ती पुढच्या फोटोत दिसणार नाही, मागच्या फोटोत दिसेल. हृदयाचंही तसंच आहे.

- दोन, तीन आणि एव्हीएफ हे लीड हृदयाची खालची बाजू दाखवतात
- व्ही१ ते व्ही४ हे लीड पुढची बाजू दाखवतात
- एक, एव्हीएल, व्ही५ आणि व्ही६ हे लीड डावी कड दाखवतात

एक लीडचा ईसीजी हार्ट अटॅकसाठी का पुरत नाही, ते यावरून लक्षात येईल. हा मुद्दा स्मार्टवॉचच्या वेळी पुन्हा येणार आहे.

## कागदावर हार्ट अटॅक कसा दिसतो?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. उपाशी पडलेल्या स्नायूची वीज शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा वेगळी वागायला लागते. या फरकामुळे एसटी भाग आपली नेहमीची पातळी सोडून वर उचलला जातो. यालाच 'एसटी एलेव्हेशन' म्हणतात आणि अशा अटॅकला स्टेमी.

ईसीजीच्या कागदावर १ मिलिमीटरचे बारीक चौकोन असतात. आडवा एक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. उभे १० चौकोन म्हणजे १ मिलिव्होल्ट. ढोबळ नियम असा की शेजारच्या किमान दोन लीडमध्ये एसटी १ मिलिमीटर किंवा जास्त वर गेला असेल तर स्टेमीचा संशय घ्यायचा. व्ही२ आणि व्ही३ मध्ये मर्यादा थोडी जास्त असते आणि ती वयानुसार, स्त्री-पुरुषानुसार बदलते.

स्टेमी दिसला की घाई करावी लागते, कारण धमनी पूर्ण बंद असते आणि दर मिनिटाला स्नायू मरत असतो. तेव्हा दोन मार्ग असतात:

1. अँजिओप्लास्टी: कॅथलॅबमध्ये फुग्याने धमनी उघडून स्टेंट टाकणं
2. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन: कॅथलॅब जवळ नसेल तर. हे लहान रुग्णालयातही देता येतं

ईसीजी झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर आधी इंजेक्शन देऊन मग पेशंटला मोठ्या ठिकाणी हलवावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही, रक्तस्रावाचा धोका बघावा लागतो. म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच.

## ईसीजी नॉर्मल आला, तरी हार्ट अटॅक असू शकतो?

हो, असू शकतो. त्याची कारणं बघा.

पहिलं: सगळ्या अटॅकमध्ये एसटी वर जात नाही. अशा अटॅकला एनस्टेमी म्हणतात. तो पकडायला रक्तातलं ट्रोपोनिन तपासावं लागतं. ते वाढायलाही काही वेळ लागतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात.

दुसरं: ईसीजी हा काही सेकंदांचा फोटो आहे. गुठळी थोडी सरकते, पुन्हा अडकते. पहिला ईसीजी साधा दिसतो आणि १५-२० मिनिटांनी काढलेला दुसरा स्पष्ट बोलतो. म्हणून दुखणं चालू असेल तर ईसीजी परत काढायला हवा.

तिसरं: हृदयाच्या मागच्या बाजूचा अटॅक नेहमीच्या १२ लीडमध्ये नीट दिसत नाही. त्यासाठी पाठीवर इलेक्ट्रोड लावून व्ही७ ते व्ही९ हे लीड काढावे लागतात.

चौथं: कधीकधी धमनी पूर्ण बंद असते, पण ईसीजीवरची खूण १ मिलिमीटरच्या नियमात बसत नाही. आधी एनस्टेमी ठरवलेल्या पेशंटची अँजिओग्राफी केल्यावर साधारण चारपैकी एकाची धमनी पूर्ण बंद निघाली, असं २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे ज्यांना घाईची गरज होती तेच थांबून राहिले. ईसीजी वाचनात सुधारणा हवी ती मुख्यतः इथे.

आणि हो, मशीन कागदावर वरच्या कोपऱ्यात 'नॉर्मल ईसीजी' असं स्वतःच छापतं. ते वाचून घरी जायचं नाही. तो निर्णय डॉक्टर घेणार.

## खरा वेळ कुठे जातो?

भारतातल्या हार्ट अटॅकच्या २०,४६८ पेशंटची नोंद असलेला 'क्रिएट' नावाचा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे ६ तास. रुग्णालयात पोहोचल्यावर इंजेक्शन मिळायला लागलेला वेळ ५० मिनिटं.

म्हणजे एआयने ईसीजी एका सेकंदात वाचला तरी तो फायदा त्या ५० मिनिटांतलाच आहे. पहिले ६ तास घरात, रस्त्यात आणि "पित्त असेल" म्हणण्यात जातात.

त्यात हा फक्त म्हाताऱ्यांचा आजारही राहिलेला नाही. 'इंटरहार्ट' या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मध्यक वय ५३ होतं, तर इतर देशांत सुमारे ५९.

बीड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ११ तालुके, मधून गेलेला बालाघाटचा डोंगर. बीडहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ९० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आष्टीकरांना अहिल्यानगर जवळ, तर परळी-अंबाजोगाईकरांना लातूर. पेशंट घेऊन थेट 'मोठ्या दवाखान्यात' निघालात तर पहिला ईसीजी निघेपर्यंतच दीड-दोन तास जातात. तोच ईसीजी तालुक्याच्या रुग्णालयात आधी निघाला तर?

## पेशंटच्या आधी ईसीजी पोहोचला तर?

हीच कल्पना भारतात काही ठिकाणी राबवली गेली आहे. तिला 'हब अँड स्पोक' म्हणतात. सायकलच्या चाकासारखं: मध्ये मोठं रुग्णालय, भोवती लहान रुग्णालयं. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, इंटरनेटवरून मध्ये पाठवायचा, तिथले तज्ज्ञ वाचणार, आणि गरज असेल तर इंजेक्शन तिथेच सुरू.

- तामिळनाडू: 'स्टेमी इंडिया' संस्थेच्या डॉक्टरांनी २,४२० पेशंटवर ही पद्धत वापरून पाहिली. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं.
- कर्नाटक: मंगळुरूचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मनाभ कामत यांनी ग्रामीण दवाखान्यांना ईसीजी मशीन मिळवून दिली आणि व्हॉट्सॲप ग्रुप तयार केले. खेड्यातला डॉक्टर ईसीजीचा फोटो टाकतो, तज्ज्ञ सल्ला देतात.
- महाराष्ट्र: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२१ पासून निवडक जिल्ह्यांत स्टेमी प्रकल्प सुरू केला. त्याचा गाभाही हाच: ईसीजी जवळ काढायचा, वाचायचा दूर.
- भाभा अणुसंशोधन केंद्र: मुंबईच्या या केंद्राने हातात मावणारं १२ लीडचं टेली-ईसीजी यंत्र बनवलं. ते मोबाईलला जोडून रिपोर्ट पुढे पाठवता येतो.

या सगळ्यांत मोबाईलचं काम एकच आहे. अटॅक ओळखायचं नाही, ईसीजी योग्य माणसाच्या नजरेसमोर नेऊन ठेवायचं.

## एआय काय वेगळं करतंय?

जुनी मशीन नियम वापरतात: एसटी इतका वर गेला तर अलार्म. एआयला नियम सांगत नाहीत. त्याला हजारो ईसीजी दाखवतात आणि सोबत सांगतात की पुढे अँजिओग्राफीत यातल्या कोणाची धमनी बंद निघाली. त्यातून ते लाटांच्या आकारातल्या बारीक खुणा शिकतं. माणसाच्या डोळ्यांना हे फरक थकव्यात, घाईत सुटू शकतात.

दोन उदाहरणं बघू.

क्वीन ऑफ हार्ट्स: युरोपातल्या पॉवरफुल मेडिकल कंपनीचं हे मॉडेल. एका प्रसिद्ध अभ्यासात धमनी बंद असलेल्या दर १०० पेशंटपैकी सुमारे ८१ जण या मॉडेलने पकडले. नेहमीच्या स्टेमी नियमांनी फक्त ३३ पकडले. मात्र मॉडेलचे खोटे अलार्म थोडे जास्त होते, आणि अभ्यास करणाऱ्यांत कंपनीशी संबंधित संशोधकही होते. म्हणून स्वतंत्र तपासण्या महत्त्वाच्या.

तैवानचा प्रयोग: ट्राय-सर्व्हिस जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी ४३,००० हून जास्त पेशंटवर एआय अलार्म वापरून पाहिला. इमर्जन्सी विभागात रुग्णालयात आल्यापासून धमनी उघडेपर्यंतचा वेळ ९६ मिनिटांवरून ८२ मिनिटांवर आला. १४ मिनिटं वाचली.

या १४ मिनिटांना किंमत आहेच. पण हे मोठं, सुसज्ज रुग्णालय होतं आणि पेशंट तिथे आधीच पोहोचलेला होता. शिवाय परदेशातल्या ईसीजींवर शिकलेलं मॉडेल आपल्याकडच्या जुन्या मशीनवर, चुकीच्या जागी लावलेल्या इलेक्ट्रोडवर तसंच चालेल असं गृहीत धरता येत नाही. छातीवरचा इलेक्ट्रोड एक बरगडी वर लागला तरी आलेख बदलतो. चुकीचा ईसीजी एआयसुद्धा चुकीचाच वाचणार.

## मग स्मार्टवॉचचं काय?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. प्रकार वेगळे करून बघूया.

- स्वस्त स्मार्टवॉच आणि बँड: मागे हिरवा लाईट असतो. तो त्वचेखालचा रक्तप्रवाह बघून ठोके मोजतो. हा ईसीजी नाहीच. अटॅकमध्ये ठोके ८० सुद्धा असू शकतात.
- ईसीजी असलेली महागडी वॉच: ॲपल वॉचमध्ये ही सोय सिरीज ४ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. पण हा एक लीडचा ईसीजी आहे. तो अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन पकडायला आहे. हे फीचर हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, असं ॲपल स्वतःच सांगतं.
- मोबाईलला जोडायची पॉकेट ईसीजी यंत्रं: काही १ लीडची, काही ६ लीडची, काही १२ लीडची. भारतात देहरादूनच्या सनफॉक्स कंपनीचं 'स्पंदन' यातलंच. १२ लीडचं यंत्र उपयोगी पडू शकतं, पण इलेक्ट्रोड बरोबर लावता यायला हवेत आणि आलेख डॉक्टरांनी वाचायला हवा.
- कॅमेऱ्यावर बोट ठेवून 'हार्ट चेक' करणारी ॲप: यांचा हार्ट अटॅकशी काही संबंध नाही.

इटलीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये वॉच छाती-पोटावर वेगवेगळ्या जागी धरून जास्त लीड मिळवण्याचा प्रयोग केला होता. पण तो प्रशिक्षित लोकांनी रुग्णालयात केलेला प्रयोग होता. मध्यरात्री घामाघूम झालेल्या माणसावर यूट्यूब बघून करायची ही गोष्ट नाही.

## छातीत दुखत असेल तर काय करायचं?

1. लक्षणं ओळखा. छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, घाम, मळमळ, दम लागणं. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये दुखणं कमी आणि नुसता थकवा, दम किंवा मळमळ जास्त असू शकते.
2. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. पेशंटला चालवू नका आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.
3. जवळ ईसीजी कुठे निघतो ते आधीच माहीत करून ठेवा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा: रात्री ईसीजी निघतो का? तो तज्ज्ञाला पाठवायची सोय आहे का? गुठळीचं इंजेक्शन आहे का? पेशंट रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा, हे जगभर मानलेलं लक्ष्य आहे.
4. मनाने गोळ्या देऊ नका. ॲस्पिरिन किंवा जिभेखालची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच.
5. पैशांच्या काळजीने थांबू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधारचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी खास: बीडमधून लाखो माणसं सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फडात पहाटेच्या थंडीत मोळी उचलताना छातीत कळ आली तर माणूस आधी खाडा पडायचा विचार करतो, मग दुखण्याचा. तुम्ही कॉलेजसाठी गावी असाल आणि आईवडील टोळीबरोबर असतील, तर कारखान्याच्या जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे शोधून त्याचं लोकेशन त्यांना आणि मुकादमाला पाठवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

## ईसीजीचा फोटो नीट कसा काढायचा?

ईसीजीचा कागद बहुतेक थर्मल असतो, बसच्या तिकिटासारखा. उन्हाने, वर्षभराने तो पुसट होतो. आणि जुना ईसीजी फार मोलाचा असतो, कारण आलेखातला बदल नवा आहे की आधीपासूनचा, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. म्हणून आईवडिलांचा ईसीजी निघाला की लगेच फोटो काढा.

- कागद सपाट टेबलावर ठेवा. मोबाईल बरोबर वर, तिरका नको
- फ्लॅश बंद ठेवा, सावली पडू देऊ नका
- १२ही लीड, तारीख आणि वेळ फ्रेममध्ये यायला हवेत
- बारीक चौकोन झूम करून दिसतात का ते तपासा
- व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फोटो दाबला जात नाही
- त्रास कधी सुरू झाला, वय, शुगर-बीपी आहे का, हे सोबत लिहा
- फक्त डॉक्टरांना पाठवा. फॅमिली ग्रुपवर नको

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ईसीजीचा फोटो चॅटबॉटला दाखवून चालेल का?
नाही. सर्वसाधारण चॅटबॉट त्यासाठी तपासलेले नसतात. 'सगळं ठीक' असं चुकीचं उत्तर मिळालं तर वेळ जाईल.

माझं वय २२ आहे. मी दरवर्षी ईसीजी काढू का?
त्रास नसेल तर बहुतेकांना गरज नाही. पण घरात कमी वयात अटॅक किंवा अचानक मृत्यू झाला असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा.

ईसीजी नॉर्मल आला पण दुखणं थांबत नाही. घरी जायचं?
नाही. ईसीजी परत काढा आणि ट्रोपोनिनबद्दल विचारा.

## थोडक्यात

आता परत धारूरच्या त्या घरात येऊ. वॉचवर ८८ दिसतंय, काका सकाळपर्यंत थांबा म्हणताहेत. वॉच बाजूला ठेवायचं, १०८ लावायचा आणि जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी निघतो तिथे निघायचं. मागच्या वर्षीच्या ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो डॉक्टरांना दाखवायचा. पित्त निघालं तर एक रात्र जागरण झालं, एवढंच. पित्त नसेल, तर ते सहा तास तुम्ही वाचवलेत.

आज घरी गेल्यावर एक करा: आईवडिलांचा जुना ईसीजी शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आणि रात्री ईसीजी निघणारं जवळचं ठिकाण माहीत असेल, तर ते गावातल्या ग्रुपवर नक्की शेअर करा.